कापलेला हुक

मार्केट यार्डातल्या चार हमालांनी तो लोखंडी हुक स्टेजवर आणून ठेवला, तेव्हा फळ्या करकरल्या. कुणीतरी हुकाला झेंडूचा हार घातला. पुण्यात स्वारगेटजवळच्या त्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला आणि भीमरावांच्या खांद्यावर शाल पडली. नौदलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी या दिवसासाठी सरकारदरबारी जोडे झिजवले होते. समोर पहिल्या रांगेत त्यांची बायको चंद्रभागा बसली होती. ती मात्र टाळ्या वाजवत नव्हती.

"आपल्या युद्धनौकेला ज्याने हमाल केलं," अध्यक्ष माइकवर गरजले, "तो हा हुक! भीमरावांनी तो मुळापासून कापायला लावला!"

मागे उभे असलेले चौघे हमाल खाली बघत राहिले.

नौकेचं नाव रणशलाका. भीमरावांनी ऐन जवानीत तिच्या इंजिनरूममध्ये घाम गाळला होता. ती गस्तीवर निघाली की भल्याभल्या बोटी वाट देत. पुढे ती म्हातारी झाली आणि लिलावात निघाली. नव्या मालकाने तिची तोफ उतरवली, मागच्या डेकवर खांब रोवून हा हुक बसवला आणि नाव ठेवलं मंगला. तेव्हापासून ती टगबोट म्हणून कोकण किनाऱ्यावर राबत होती. मालाचे बिनइंजिनाचे बार्ज ओढायची, बंद पडलेल्या बोटी ओढायची, गाळात रुतलेलं जहाज ओढून काढायची. भीमरावांच्या वडिलांनी जन्मभर हातगाडी ओढली होती, आधी मंडईत, मग मार्केट यार्डात. खांद्यावरचे वळ दिसू नयेत म्हणून ते भर उन्हाळ्यातही सदरा काढत नसत. त्या ओढण्यातून सुटायलाच भीमराव नौदलात गेले होते. आपल्या नौकेच्या नशिबीही तेच आलेलं त्यांना सोसवेना.

मुलगा सौरभ बार्जवरच नोकरीला होता. तो म्हणाला होता, "अप्पा, तुमच्या त्या बोटीने आम्हाला दोनदा वाचवलंय. तिला काम करू द्या ना. चौथऱ्यावर बसवून काय पूजा घालायचीय?"

"तू ओढ हवं तर. माझी नौका ओढणार नाही," भीमराव म्हणाले होते.

त्यावरून बापलेकांनी अबोला धरला. पुण्यातल्या बागेत नौकेचं स्मारक करायची मंजुरी आली, सरकारने नौका मालकाकडून विकत घेऊन भीमरावांच्या हवाली केली आणि भीमरावांनी सर्वांत आधी हुक कापून घेतला, खांबासकट. नौका अजून कोकणातल्या बंदरातच होती. तिथून हलेपर्यंत तिला चालवणारा जुना तांडेल रंगराव तिला सांभाळत होता.

शालीखाली फोन थरथरला. सौरभचा होता. भीमरावांना आतून बरं वाटलं. उशिरा का होईना, पोराला बापाचं म्हणणं पटलं म्हणायचं. त्यांनी हसतच फोन कानाला लावला.

"अप्पा, नांगराची साखळी तुटलीय. बार्ज खडकांकडे वाहत चाललाय. नऊ जण आहोत आम्ही." फोनमध्ये वारा घोंगावत होता. "दुसरी टग यायला संध्याकाळ होईल. तोवर काही उरणार नाही. तुमची बोट जवळच उभी आहे. तुम्ही सांगितलंत तर रंगरावकाका निघतील. अप्पा, प्लीज."

"निघाली समज," भीमराव म्हणाले.

स्मारक गेलं चुलीत. नौका पुन्हा समुद्रात गेली तर मंजुरी रद्द होईल हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं आता त्यांना काहीच वाटत नव्हतं. त्यांनी लगेच रंगरावचा नंबर लावला.

"रंगराव, सोडा तिला! माझा सौरभ आहे त्या बार्जवर. जे काय होईल ते माझ्यावर!"

"वायरलेसवर ऐकलंय मी. इंजिन केव्हाच सुरू केलंय," रंगराव म्हणाला. "पोचतो हो मी त्यांच्यापाशी. पण भीमराव, ओढू कशाने? एवढं ओझं पेलणारा दोर बांधायला डेकवर खांबसुद्धा ठेवला नाहीत तुम्ही. आणि या लाटांत बार्जला चिकटून उभा राहिलो, तर दोन्ही फुटतील."

 माइकवर अध्यक्ष त्यांना दोन शब्द बोलण्याची विनंती करत होते. भीमराव उठले. माइक ओलांडून ते पुढे गेले आणि हुकापाशी गुडघ्यांवर बसले. शाल खाली घसरली. त्यांनी दोन्ही हातांनी हुक धरला आणि सगळा जीव एकवटून तो दाराच्या दिशेने ओढला. हुक तसूभरही हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढला. झेंडूचा हार तुटून फुलं स्टेजभर सांडली.

लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. चंद्रभागा एकटी धावत स्टेजकडे निघाली.

भीमराव ओढतच होते.