केसभरही फरक नाही

झोपेत श्वास अडकत असल्याने दिवसा स्टिअरिंगवरच डुलक्या घेणाऱ्या बसचालकाला दंतवैद्याने रात्री जबडा पुढे धरून ठेवणारे उपकरण दिले होते. त्या उपकरणाने दातांची ठेवण बिघडू नये म्हणून रोज सकाळी पंधरा मिनिटे चावून धरायची एक पट्टीही दिली होती. वर्षभराने दात जुन्या ठशाशी ताडून पाहिले, तर केसभरही फरक नव्हता. झोपेविषयी विचारण्याची गरजच न वाटून दंतवैद्याने 'उपचार यशस्वी' असा शेरा मारला, आणि समोरच्या शाळेच्या बसवर पुन्हा रुजू होण्याचा दाखला घेऊन चालक जिना उतरला.

"वहिनी, इतका शिस्तीचा पेशंट मी पाहिला नाही," स्वतःची दाढ दाखवायला मागे थांबलेल्या चालकाच्या बायकोला दंतवैद्य म्हणाला.

"पट्टी एक दिवस चुकवली नाही हो त्यांनी. तुम्ही दातांची भीतीच तशी घातली होती."

"आणि रात्रीचं उपकरण?"

"ते डबीतच आहे, डॉक्टर. त्यानेच दात सरकतात म्हणालात, मग कशाला विषाची परीक्षा?"



समोरची शाळा सुटली होती. चाळीस मुलांना घेऊन त्याची बस खिडकीखालून निघाली.