खांद्यावरची ओढणी

दत्तक येणाऱ्या दीड वर्षाच्या रेवाला आपला वास ओळखीचा व्हावा, म्हणून नीलांबरीने पंधरा दिवस उशाशी ठेवलेली ओढणी, न धुता, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीहून कोल्हापूरच्या संस्थेत पाठवली.

ओढणी पोचली. पण दर शनिवारच्या व्हिडिओ कॉलवर ती दिसायची रेवाला सांभाळणाऱ्या विमलमावशींच्या खांद्यावर. आणि रेवा स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता त्याच खांद्यात तोंड खुपसून बसलेली. नीलांबरीचा नुसता जळफळाट व्हायचा.

तिसऱ्या शनिवारी तिने फोन म्यूट केला आणि नवऱ्यावर उखडली, "पोरगी तर हिचीच झालीय, आता माझी ओढणीपण ढापली!"

"चिल यार, नीलू. पुढच्या महिन्यात आणतोय ना आपण तिला," शशिकांत म्हणाला.

तिने अनम्यूट केलं. "मावशी, ती ओढणी रेवासाठी पाठवली होती."

"व्हय की ताई. म्हणून तर रोज ही खांद्यावर टाकूनच तिला उचलते." मावशींनी रेवाच्या पाठीवरून हात फिरवला.



"काल टाकायची विसरले, तर पोरगी माझ्याकडं आलीच नाही."