कोरड

“खाली कोरडं पडतं का? आग होते? मालकांजवळ जाताना दुखतं?” डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं.

धनश्रीनं मान खाली घातली. शेजारी बसलेली राहीबाई भिंतीकडे बघत राहिली. धनश्री तिची पाठची बहीण, त्यात सख्खी जाऊ. असल्या गोष्टीचं उत्तर तिनं आपल्यादेखत द्यायचं म्हणजे अवघडच. पण लगेच तिला वाटलं, बरं झालं. होऊ दे जरा अवघड.

वर्षभर घरात धनश्रीच्या आजाराचंच कौतुक चाललं होतं. तिचं शरीर स्वतःच्याच ओलाव्यावर उठलंय, म्हणून डोळे आणि तोंड कोरडं पडतं, असं नगरच्या दवाखान्यात कळलं आणि सासूनं तिला चुलीपासून उठवलं. तिचा नवरा कल्याण रानात निघताना तिची पाण्याची बाटली स्वतः भरायचा. डोळ्यांत थेंब घालायचा तोही तोच. ओट्यावर मान मागे टाकून बसलेली धनश्री आणि तिच्यावर वाकलेला कल्याण दिसला, की राहीबाईच्या हातातलं भांडं जोरात आपटायचं.

भाकरीचा घास तिच्याही घशात अडकायचा. पाण्याच्या घोटानं तो ढकलून ती कामाला लागायची. तिची बाटली कुणी भरली नव्हती. तिचा नवरा बिभीषण तर, तुला माझा कंटाळा आलाय, असं म्हणून अंथरूण घेऊन पडवीत गेला, तो परत आलाच नाही. तो जवळ आला की सुरी फिरल्यागत होतं, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? खाज सुटली की ती तुरटीच्या पाण्यानं धुवायची. आग आणखीच वाढायची.

आज तिला यायचंच नव्हतं. पण जाईन तर अक्कासंगंच, असा धनश्रीनं हट्ट धरला. वेचणीला आलेला कापूस सोडून एसटीत बसावं लागलं.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या. ओल कमी झाली की तिथले चांगले जंतू टिकत नाहीत आणि वाईट माजतात. मग खाज, आग पुन्हा पुन्हा होते. साबण नाहीतर तुरटी लावली की उरलेसुरले चांगलेही जातात. यात बाईचा काही दोष नाही. औषध आहे, मलम आहे. नवऱ्यालाही बोलावून सांगता येतं.

राहीबाईला ऐकवेना. एवढं एक दुखणं तरी तिचं एकटीचं होतं. आता तेही धनश्रीच्या नावावर जाणार. त्याचंही औषध कल्याण पिशवीतून घेऊन येणार.

“सांग की,” ती धनश्रीवर खेकसली. “लाजतीस कशाला? बाई इचारत्यात.”

धनश्रीनं मान वर केली.

“मला तसलं काई न्हाई, अक्का. मागल्या खेपेला बाईंनी मला हेच इचारलं हुतं. तवा माझ्या डोळ्यांम्होरं आपल्या मोरीतली तुरटी आली, पडवीत निजलेले दाजी आले. सरळ चल म्हनले असते, तर तू आली नसतीस.” तिनं राहीबाईचा हात धरला. “त्या तुला इचारत्यात. आजचा नंबर मी तुझ्या नावानं लावलाय.”