कुंडीचं पाणी

"आज फक्त रंग ना?" विश्रामरावांनी विचारलं आणि धोतराचा सोगा आवरून घरून आणलेल्या चौरंगावर बसले. चौरंग त्यांनी पाण्याच्या कुंडीपासून चांगला चार हात लांब ठेवला होता.

"रंगच. आधी शिवण बघू," सखुबाई म्हणाली.

तिने तंग उचलून उन्हात धरला. घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, बाभळीच्या सालीत कमावलेल्या रेड्याच्या कातड्याचा, दुपदरी. सहा दिवस विश्रामराव रोज चांभारआळीत येऊन तो शिवत होते. सोबत मुंबईहून मागवलेली विलायती हत्यारांची पेटी. त्यांच्या या छंदाला सारं कल्याण हसत असे, पण त्यांच्या माघारी.

"टाका बसलाय. दोन्ही टोकं एकाच भोकातून गेलीत. एक दोरा तुटला तरी दुसरा धरंल. गेल्या खेपंला तुमी एकच दोरा घातलेला."

"गेल्या खेपेचं नको काढूस."

दाराशी तिचा नवरा धाकू बसला होता. त्याने उजवा हात पंचाखाली घेतला. गेल्या दसऱ्याच्या सीमोल्लंघनात, ठाण्याहून आलेल्या साहेबासमोर, विश्रामरावांचा तंग तुटला आणि ते धुळीत पडले. शिवण धाकूची, असं त्यांनी सांगितलं. शिवण त्यांची स्वतःची होती, असं धाकूने सांगितलं. चारचौघांत सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसांनी धाकूचा हात त्याच्याच कातडं ठोकायच्या दगडावर ठेवला आणि त्याचीच मोगरी हाणली. तेव्हापासून त्या हाताची बोटं मिटत नव्हती. म्हणून शिकवायला सखुबाई. नाही म्हणायची सोय नव्हती. आळीची जमीन विश्रामरावांची.

"या दसऱ्याला तोच साहेब येतोय," विश्रामराव म्हणाले. "तोच घोडा, तीच वाट, आणि तंग माझ्या हातचा. तोवर हा पेटीबाहेर काढणार नाही."

"मग नाव उठवा त्याच्यावर. नायतर लोक म्हणतील, धाकूनं करून दिला."

हे त्यांना पटलं. पेटीत त्यांच्या नावाचा पितळी ठसा होता. त्यांनी तो पट्ट्यावर धरला आणि तीन घाव घातले. प्रत्येक घावाला धाकूचे डोळे मिटले.

"आता काळं."

त्यांनी बरणीचं झाकण काढलं. आंबट वास सुटला. गूळ, पाणी आणि जुन्या नालांचे तुकडे. पंधरा दिवस आंबवलेलं. सखुबाईने सांगितलं तसं, पण त्यांनी ते स्वतःच्या तबेल्यात, स्वतःच्या विहिरीच्या पाण्यात केलं होतं. चामडं कुणाचंही चालतं, पाणी चालत नाही.

फडकं बुडवून त्यांनी पट्ट्यावरून फिरवलं. तांबूस कातडं बघता बघता काळं झालं, जणू आतूनच शाई वर आली. विश्रामराव पोरासारखे हसले.

"वा! सखू, बघितलंस?"

"बघितलं सरकार. अजून तीन हात द्या. खोल जाऊ द्या."

त्यांनी दिले. पट्टा कोळशासारखा झाला. फडकं बरणीवर टाकून ते हात पुसू लागले.

दाराशी धाकूची चुळबूळ सुरू झाली. जन्मभर त्याने हे काळं केलं होतं. काळं झालं की कातडं पापडखाराच्या पाण्यात बुडवायचं, चोळून धुवायचं, मग तेल. नाही धुतलं तर लोखंडाचं आंबट आतच राहतं आणि कातडं आतून खात जातं. वरून कळत नाही. पावसाळ्याची दमट हवा लागली की तुकडा जुन्या भाकरीसारखा मोडतो. पापडखाराचं पाणी कुंडीत भरलेलं होतं. सकाळी त्यानेच डाव्या हाताने ढवळलं होतं.

"अगं, कुंडी..." तो म्हणाला.

"कुंडीचं काय?" विश्रामरावांनी मान वळवली.

सखुबाईने तंग उचलला, कुंडीवर नेला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"बुडवू का, सरकार? आमच्या पाण्यात?"

"ए! छे! ठेव तो खाली!" विश्रामराव उठून उभेच राहिले. "दसऱ्याला पूजा व्हायचीय त्याची. अक्कल आहे का?"

"सरकार, त्याला धुवायला..." धाकू अर्धवट उठला.

"तू गप रे. तुझ्या जिभेपायीच तुझा हात गेलाय."

धाकू खाली बसला.

सखुबाईने तंग त्यांच्या चौरंगावर ठेवला. "घरी न्या, तेल पाजा आणि पेटीत घाला. झालं."

विश्रामराव गेले. आळीच्या तोंडापर्यंत ते पट्टा उन्हात धरून पाहत होते. सखुबाईने कुंडी गटाराकडे कलती केली आणि न वापरलेलं पाणी ओतून दिलं.

धाकूने रिकाम्या कुंडीत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "घोडं मुकं हाय गं."

"घोडं उभंच ऱ्हातं. पडतो तो वर बसलेला."

ती हत्यारं गोळा करू लागली. रापी पुसली, आरी पुसली. धाकू तिच्याकडे बघत राहिला.

"हा माघ ना?" त्याने विचारलं.

"माघ."

धाकू दसऱ्यापर्यंतचे महिने मोजू लागला. त्याने पंचाखालून उजवा हात काढला. फाल्गुनाला करंगळी मिटेना. त्याने तो हात परत पंचाखाली ठेवला, डावा पुढे घेतला आणि पहिल्यापासून मोजायला लागला.