चाळीचा दौलत

बाप्तिस्मा घेऊन दौलतचा शांतवन झाला, त्या दिवसापासून लालबागच्या चाळीने त्याला वाळीत टाकलं. नळावर त्याच्या बायकोची, यमुनेची कळशी लाथाडली जायची. गिरणीतून येताना त्याने मारही खाल्ला. दारावरचा क्रूस कुणीतरी उखडून टाकायचं, तो मुकाट्याने दुसरा ठोकायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि त्यात तो गेला. तेव्हा सगळी चाळ त्याच्या दारात लोटली. तिरडी बांधली, गुलाल आला. "हुतात्मा दौलत अमर रहे!"च्या घोषणांनी जिना दणाणला.

यमुना उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "त्यांचं नाव शांतवन. त्यांना शिवडीला मातीत द्यायचंय. पाद्रीसाहेब निघालेत, तेवढं थांबा."

चाळीतले वडीलधारे कुशाबा हात जोडून पुढे आले. "वैनी, दौलत आता तुमचा एकटीचा नाय ऱ्हायला. तो महाराष्ट्राचा झाला. वाट द्या."

इतक्या वर्षांत चाळीतल्या कुणी तिला वैनी म्हटलं, ते पहिल्यांदाच. बायकांनी तिला मायेने धरून शेजारच्या खोलीत नेलं, पाणी पाजलं, आणि तिरडी उचलेपर्यंत दाराला बाहेरून कडी घातली.