तीन उतारे

चुंबकाने मधुमेह बरा करू पाहणाऱ्या एका पुस्तकातले तीन उतारे आपल्या विज्ञान-मासिकात छापून प्राध्यापिका केंकरे यांनी प्रत्येकातली चूक दाखवली. लेखक टिपणीस यांनी कॉपीराइटभंगाचा दावा लावला. केंकरेबाई हरल्या, तर मासिक बंद पडणार होते.

“उतारे वाचल्यावर कोणी पुस्तक घेईनासं झालं, हे खरं?” न्यायाधीशांनी विचारले.

“एकही प्रत खपत नाही, साहेब!”

“उताऱ्यांमुळे, की टीकेमुळे?”

टिपणीस दुखावले. “माझे उतारे वाचून तर माणूस दुकानात धावेल! घात केला तो बाईंच्या टीकेनं.”

त्यांच्या वकिलांनी डोळे मिटले.

“टीकेसाठी उतारे घेण्याची मुभा आहे,” न्यायाधीश म्हणाले, “आणि टीका पटल्यानं झालेलं नुकसान कॉपीराइट भरून देत नाही. दावा फेटाळला.”

बाहेर केंकरेबाई हसल्या. “दुसरी आवृत्ती लवकर काढा, टिपणीस. मासिक चालू आहे.”