रंग, चव, वास

जुम्म्याला माणसं जमली होती, पण मशिदीच्या बावीत कोणी बालदी सोडत नव्हतं. वर सड्यावरच्या पोल्ट्रीची घाण पऱ्यातून वाहत येऊन त्या विहिरीत मुरली होती. मशिदीची झाडलोट नि पाणी बघणारा म्हातारा मुसा काठावर बसून होता.

पोल्ट्रीचा मालक झुबेर गाडीतून उतरला. अंगाला अत्तराचा घमघमाट. एवढं अत्तर माणूस उगाच लावत नाही.

"चाचा, तपासणीचा रिपोर्ट आला. पाणी एक नंबर! आता तुमची तक्रार मागे घ्या. माझ्या तिसऱ्या शेडची परवानगी अडकलीय."

"तपासणीचे साहेब बावीवर कधी आले रे?"

"एवढ्या उन्हात खाली कशाला उतरतील? माझ्या ऑफिसातल्या फिल्टरचा नमुना घेऊन गेले. पाणी ते पाणी."

"बरोबर. नमुना ऑफिसातच बसतो."

माणसं फिसकन हसली. झुबेरने कागद नाचवला. "शिक्का आहे यावर!"

घाणीने पाण्याचा रंग, चव, वास यातलं एक जरी बदललं, तरी त्या पाण्याने वजू होत नाही. नमाजाआधी हात-तोंड धुतलं न धुतलं सारखंच. हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. झुबेरलाही मुसानेच शिकवलं होतं, तो दुबईला जायच्या आधी. आता तिसरी शेड झाली की घाण वाढून बाव कायमची बुजणार. मग मशिदीला टँकर येणार, आणि टँकरसुद्धा झुबेरचेच.

मुसा उठला. बालदी सोडली, पाणी ओढलं, तोटीचा लोटा भरला.

"ये. शिक्का आहे म्हणतोस तर मानलं. तू आधी वजू कर, तुझ्यामागून आम्ही. तक्रार आजच मागे."

"मी घरून करून आलोय, चाचा."

"दोनदा केल्याने कोणी जहन्नमला जात नाही, मेल्या."

झुबेरने बाह्या सारल्या. हात मनगटापर्यंत धुतले. तेवढं जमलं. मग ओंजळ तोंडाशी नेली आणि अत्तर हरलं. ओंजळ तिथेच थांबली.

"गुळणी," मुसा मायेने म्हणाला. "मग नाकात घ्यायचंय."

मागे माणसं बाह्या दुमडून रांगेत उभी राहिली. कोणालाच घाई नव्हती. झुबेरच्या बोटांतून पाणी गळून जायचं, आणि मुसा लोटा तिरका करून ओंजळ पुन्हा भरायचा.